खोकला ऐकू येणारा स्पीकर

या जगातून उद्या काय काय नाहीसं होणार आहे, याची आगाऊ खबर फक्त आमच्या साडूंना असते. नांदेडच्या एका कॉलेजात ते हेडक्लार्क आहेत. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतात, ऑटो कोपऱ्यापर्यंत गेला की उतरून चौथ्यांदा ओढून येतात, आणि एवढं करून अहमदपूरला आमच्याकडे पोचले की चहाचा कप हातात घ्यायच्या आधी अक्कांना, म्हणजे माझ्या मेहुणीला, विचारतात, "गॅस बंद केला व्हता का?" अक्का आता उत्तरच देत नाहीत. कुलूप, गॅस आणि पाण्याची मोटार एवढ्यावर भागत होतं तोवर ठीक होतं. पण दोनेक वर्षांपूर्वी ऑफिसातल्या कुणीतरी त्यांच्या मोबाइलमध्ये गाण्यांचं ॲप टाकून दिलं, आणि आधीच वाकलेल्या या माणसाच्या डोक्यावर हजारभर गाण्यांची जबाबदारी येऊन पडली.

एकदा सकाळी सहाला त्यांचा फोन आला. "साडूभाऊ, एक गेलं." माणूस असता तर 'गेले' म्हणाले असते, हे व्याकरण मला सुचेपर्यंत माझ्या बायकोनं रडायला सुरुवात केली होती आणि मी नांदेडची एस.टी. किती वाजता आहे ते आठवत होतो. "कोण हो?" मी आवाज खाली आणून विचारलं. "कोण न्हाई हो, गाणं! काल व्हतं. आज नाव पुसट झालंय, दाबलं तर वाजतच न्हाई." ॲपवाल्यांना वाटलं की ते गाणी काढून घेतात, आपण दरमहा पैसे भरले तरी गाणी आपली होत नाहीत, हे ज्ञान साडूंना त्या दिवशी झालं. "म्हणजे आपण भाडेकरू हाव," ते म्हणाले, "मालकानं कधीबी सामान बाहेर ठेवावं." मग त्यांनी दोनशे पानी रजिस्टर आणलं, सगळ्या गाण्यांची नावं लिहिली आणि दर रविवारी ते हजेरी घेऊ लागले. प्रत्येक गाणं सुरू करायचं, दोन ओळी ऐकायच्या, पुढे 'ह' लिहायचा. घरातल्या चारही फोनवर गाणी डाउनलोड करून ठेवली. डाउनलोड केलेलंही मालकाचंच असतं असं कुणीतरी सांगितल्यावर दोन दिवस जेवले नाहीत, असं अक्का सांगतात. अक्का थोडं वाढवून सांगतात, पण एक दिवस तरी नक्कीच जेवले नसतील.

आम्ही सगळे हसायचो. खरी गोष्ट मला उशिरा कळली. हजारातली नऊशे नव्व्याण्णव गाणी गेली असती तरी साडूंनी सहन केलं असतं. त्यांचा जीव एकाच गाण्यात अडकला होता. त्यांचे वडील, आबा, बोरगावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. साडू सहा वर्षांचे असताना ते गेले. मंडळाची कधीतरी कॅसेट निघाली होती असं घरात बोललं जायचं, ती मात्र कुणी पाहिली नव्हती. आणि एका रविवारी ॲपवर शोधता शोधता 'भजनी मंडळ, बोरगाव, ता. नायगाव' असं नाव समोर आलं. भजन सुरू व्हायच्या आधी पेटीचा एक सूर लांबतो आणि त्याच्याजवळच कुणीतरी खोकतं. "आबा," साडू मला म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या खोकल्याखेरीज त्यांच्याकडे आबांचा आवाज म्हणून दुसरं काहीच नव्हतं.

मग स्पीकरची शोधाशोध सुरू झाली. मोबाइलवर खोकला बारीक यायचा. नांदेडची दुकानं झाली, लातूरची झाली. दुकानदार भिंती हादरतील असं काहीतरी लावून दाखवायचा, की हे हात वर करायचे. "धमधम नको. खोकला साफ आला पाहिजे." लातूरच्या दुकानदारानं तो खोकला पाच स्पीकरवर ऐकवला आणि शेवटी विचारलं, "काका, पेशंट कोण हाय?" बिनतारी स्पीकर साडूंनी पाहायलाच नकार दिला, आवाज हवेतून येणार म्हणजे वाटेत थोडा सांडणारच, असं त्यांचं मत. अखेर वायरवाले, लाकडी पेटीचे दोन स्पीकर ठरले. अक्कांनी त्यांना शिलाई मशीनच्या कव्हराचं कापड काढून झबली शिवली.

पहिल्यांदा ऐकायला गावाहून थोरल्या भावाला, दादांना, बोलावलं. मीही होतो. साडूंनी सकाळपासून इंटरनेट तपासलं, इन्व्हर्टर तपासला, गाणं आहे का ते दर दहा मिनिटांनी पाहिलं. दादा खुर्चीत न बसता खाली मांडी घालून बसले. पेटी वाजली, खोकला आला. इतका स्वच्छ, की मी दचकलो. दादा शेवटपर्यंत डोळे मिटून होते. मग म्हणाले, "हे आपले न्हाईत."

"म्हंजे?"

"ढोलकी वाजून राहिली ना ह्यात. आपल्या बोरगाव खुर्दात पखवाज व्हता. हे बुद्रुकवाले. कॅसेट त्यांचीच निघाली व्हती. त्या रागानं आबांनी महिनाभर पेटीला हात लावला न्हाई." थोडं थांबून ते म्हणाले, "अन् आबाला खोकला कवा व्हता रे?"

ॲपवाल्यांना खुर्द काय आणि बुद्रुक काय! त्यांनी नुसतं बोरगाव लिहिलं होतं, आणि साडूंनी पुढचं आपल्या मनानं वाचलं होतं. मला दादांचा फार राग आला. हो म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? साडूंनी उठून स्पीकरवर झबली घातली आणि अक्कांना दादांचं ताट वाढायला सांगितलं.

मला वाटलं, सुटले एकदाचे. पुढच्या रविवारी फोन आला. "साडूभाऊ, हाय अजून."

"काय?"

"बुद्रुकचं भजन. आत्ताच हजेरी घेतली."

"अहो, पण आता तुम्हाला त्याचं काय?"

"तो खोकणारा कुणाचा तरी बाप असंलच की. त्याच्या पोराला सापडंपर्यंत कुणी बघाया नको का?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवल्यावर मी माझ्या वडिलांचा आवाज आठवून पाहिला. ते काय काय बोलायचे ते सगळं आठवलं. आवाज काही येईना.