कवळी बसवून मिळेल

दातांवर किटण चढतं ना, तसे किस्से साचतात. रोज कळत नाही, मग एक दिवस आरशासमोर तोंड उघडतो आणि सगळं पिवळं दिसतं. आमच्या 'चालते पाय' ग्रुपचं तसंच झालंय. मुलुंड-घाटकोपरची रिटायर्ड मंडळी, आणि त्यांच्यात मी एकटी बावीसची. नियम साधे. गाडी नाही, बस आणि पाय. प्लास्टिकची बाटली नाही. जिथे जाऊ तिथल्याच माणसाकडे खायचं. आणि मुंबईतला विसरलेला वारसा जपायचा. सध्या चिनी वारसा चालू आहे. म्हणजे पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेली आणि आता बहुतेक निघून गेलेली चिनी घरं.

रूट मी आखते. इंजिनिअरिंग मधेच सोडलंय, वेळच वेळ आहे. ग्रुपचे संस्थापक नाडकर्णी सर नवीन लोकांना सांगतात, "ही विनी. सध्या ब्रेकवर आहे." मी कॉलेज सोडलं, सर ब्रेक सोडत नाहीत.

*

पहिल्याच फेरीला आम्ही सगळे बसमध्ये, आणि मागून एक पांढरी गाडी प्रत्येक स्टॉपला थांबतेय. सरांची.

"सर, ती गाडी?"

"मी बसमध्ये आहे ना?"

"पण ती मागे येतेय."

"रिकामी येतेय, विनी. रिकाम्या गाडीला प्रवास म्हणत नाहीत."

परत येताना त्या रिकाम्या गाडीत चौघं बसले. मी बसने आले. खिडकीची सीट मिळाली, शेजारी कुणी नव्हतं.

*

चेन काका मला त्या फेऱ्यांमध्येच सापडले. घाटकोपरला दाताचा दवाखाना, आजोबांपासूनचा. काका इथेच जन्मले, इथल्याच म्युनिसिपल शाळेत शिकले. दारावर जुनी लाकडी पाटी, तिच्यावर दोन चिनी अक्षरं. सर पाटीसमोर हात जोडून उभे राहिले. फोटो काढला, आणि काकांना एका शब्दाने न विचारता तीच अक्षरं ग्रुपच्या कापडी पिशव्यांवर छापून आणली. सुलभाताई, म्हणजे आमच्या खजिनदार, सगळ्यांना सांगत सुटल्या की याचा अर्थ 'दीर्घायुष्य'. त्यांना तसं वाटलं होतं, एवढाच पुरावा.

पिशवी काकांना भेट दिली. त्यांनी चष्मा पुसला.

"दीर्घायुष्यच ना हो?" सुलभाताई म्हणाल्या.

"त्याच्यासाठीच," काका म्हणाले. "'कवळी बसवून मिळेल' असं लिहिलंय."

मी हसून खाली बसले.  "पिशव्या छापून झाल्यात," सर म्हणाले, "आता अर्थ बदलता येणार नाही."

*

मग काकांची मुलाखत झाली. सरांनी आवाज खाली आणला. "चेनसाहेब, इथे परकं वाटतं का कधी?"

"तुम्ही मूळचे कुठले?" काकांनी विचारलं.

"आम्ही कारवारकडचे. लग्नानंतर मुलुंड."

"मी मूळचा घाटकोपरचा. तुम्हाला करमतं का इथे?"

त्या दिवशी काकांनी सगळ्यांना जेवायला घातलं. मऊसूत शिजवलेला पातळ भात, वर खारवलेली मुळ्याची लोणची. सुलभाताई मालवणच्या. त्यांनी पहिला घोट घेतला आणि तोंड पाडलं. "ही तर आमची पेज हो. मंचुरियन वगैरे काही ऑथेंटिक नाही का?"

"ते नाक्यावरचा यादव करतो," काका म्हणाले. "एकदम ऑथेंटिक."

*

दुपारी दवाखान्यात पेशंट नसतो. मी जाऊन बसते. घरी बसलं की बाबा पेपर आपटतात, त्यापेक्षा बरं. काकांची बायको गेली, मुलगा टोरांटोला असतो. फोनवर मुलगा इंग्रजीत बोलतो, नातू तर बोलतच नाही. घाटकोपरात काकांशी त्यांच्या भाषेत बोलणारी एकच होती, ती गेली.

"मग विसरायला होत नाही?" मी विचारलं.

"दात मोजताना येते अजून. ये, तोंड उघड."

त्यांनी त्यांच्या भाषेत माझे दात मोजले. हळू, गाणं आठवावं तसे. शेवटच्या दातापाशी थांबून म्हणाले, "अक्कलदाढ आलीच नाही गं पोरी तुला."

"मग?"

"काही नाही. बाबांना सांग, दाखला हवा असेल तर देतो."

*

मुलगा काकांना कायमचं घेऊन जायला येणार होता. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती. काकांचं एकच काम अडलं होतं. एप्रिलमध्ये चिनी लोक आपल्या माणसांच्या कबरी साफ करायला जातात, गवत काढतात, तिथेच बसून जेवतात. काकूंची कबर वडाळ्याकडच्या चिनी दफनभूमीत. काका ग्रुपच्या मीटिंगला आले आणि उभं राहून म्हणाले, "मी गेल्यावर वर्षातून एकदा कुणीतरी जा. बाकी वारसा राहू द्या."

सर गहिवरले. लगेच उपसमिती नेमली. ग्रुपमधले एक आजोबा म्हणाले, पितृपक्षात घेऊ, आपलंही उरकेल. मग सुलभाताईंनी खरी अडचण काढली. "स्मशानातून आल्यावर आंघोळ होईपर्यंत कशाला शिवायचं नाही. आणि आपला नियम बसचा. बसमध्ये न शिवता कसं यायचं?"

यावर तासभर चर्चा झाली. खरंच झाली. शेवटी ठराव 'तत्त्वतः मान्य' झाला. म्हणजे कुणी जाणार नव्हतं. चेन काकांनी सगळ्यांचे आभार मानले आणि मला विचारलं, "तत्त्वतः म्हणजे मराठीत काय गं?"

*

एप्रिलच्या त्या सकाळी ग्रुपवर सरांचा मेसेज आला. 'शरीराने नाही तरी मनाने सोबत.' खाली हात जोडलेले बारा जण. बसमध्ये मात्र काका आणि मी. सायनला बस बदलली. काकांकडे संत्री, भाताचा डबा, विळा आणि रंगाची एक छोटी डबी.

गवत काढून दगड धुतला तेव्हा दिसलं, त्यावर दोन नावं कोरलेली. एक काळं, शेजारचं लाल.

"लाल कुणाचं?"

"माझं. जोडीचा दगड तेव्हाच करून घेतला. जिवंत माणसाचं लाल ठेवतात, गेला की काळं करायचं. पावसाने रंग उडतो, म्हणून दरवर्षी लावतो." ब्रश त्यांनी माझ्यापुढे धरला. "तू शिकून घे."

"आणि काळं कधी करायचं?"

"मुलगा फोन करेल तुला."

मी गुडघ्यावर बसले. अक्षरं वाचता येत नव्हती, नुसती गिरवत गेले. शेवटच्या रेघेला हात हलला आणि लाल रंग ओघळून काकूंच्या नावात गेला. त्यातली एक अख्खी काळी रेघ लाल झाली. मी ओढणीने पुसायला गेले, तर काकांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे," ते म्हणाले. मग काकूंच्या नावाकडे बघत, मला येत नाही त्या भाषेत, बराच वेळ बोलत बसले.