मालक खिडकीत अडकतात

अठरा वर्षं दुसऱ्याचा ट्रेलर चालवल्यावर गृहस्थांच्या डोक्यात स्वतंत्र व्हायचं खूळ शिरलं. काम तेच, नव्या कोऱ्या गाड्या यार्डातून उचलून शोरूमला पोचवायच्या, फक्त फोनवर "कुठं मेलास?" असं विचारणारा मालक नको. नोकरी सोडताना त्यांनी मालकाला तोंडावर सुनावलं, "ड्रायव्हर काय चीज असते, ते मी गेल्यावर कळेल तुम्हाला!" मालकाने हसून निरोपाची भेट दिली, भलंमोठं पितळी बक्कल असलेला कमरपट्टा.

जुनाच, पण स्वतःचा दोन मजली ट्रेलर दारात आला. त्यावर 'मालक-चालक' असं रंगवून घेतलं, त्यातलं 'मालक' जरा मोठं. एका शोरूमने पहिली खेप दिली, सहा गाड्यांची. धड पोचल्या तर दर आठवड्याचं काम. नाहीतर पुन्हा जुन्या मालकाच्या दारात मान खाली घालून उभं राहायचं. बायको म्हणाली, "मी येते बरोबर. कागद तरी सांभाळीन."

"ये, पण मध्ये मध्ये करू नकोस," नवे मालक म्हणाले.

या धंद्यात एक गंमत आहे. गाडी वर चढवली की दोन्ही बाजूंना लोखंडी खांब, दार उघडतच नाही. मग काच खाली करून खिडकीतून बाहेर यायचं. गेली काही वर्षं ही चढवाचढवी यार्डातली माणसं करायची आणि हे केबिनमध्ये बसून त्यांच्या चुका काढायचे. तेवढ्या काळात पोटाने आपली स्वतंत्र प्रगती करून घेतली होती.

पहिली पांढरीशुभ्र गाडी त्यांनी झोकात वर नेली. खिडकीतून डोकं आलं, खांदे आले, आणि तिथेच घोडं अडलं.

"अहो, श्वास सोडा!" खालून बायको.

"सोडलाय!"

"मग अजून सोडा!"

शेवटी ते बाहेर आले, पण आधी कर्रर्र असा आवाज आला. कमरेच्या बकलाने दारावर वीतभर चरा काढला होता.

निघण्याआधी प्रत्येक गाडीचे आधीचे चरे एका कागदावर मांडायचे असतात. त्यात नसलेला चरा पुढे दिसला, तर तो वाहणाऱ्याच्या गळ्यात. "लिहून टाका की, आधीचाच आहे," यार्डातला कारकून डोळा मिचकावत म्हणाला. "तुमचे जुने मालक तेच करायचे."

हे यांना काय नवीन होतं! तसल्या कागदांवर सह्या यांच्याच असायच्या, आणि घरी येऊन बायकोसमोर मालकाच्या नावाने बोटंही हेच मोडायचे. आता ती बायको कागद धरून समोर उभी होती. तिने पेन तेवढं पुढे केलं.

त्यांच्यातले मालक म्हणाले, लिही. त्यांच्यातला चालक म्हणाला, ती बघतेय. शेवटी त्यांनी लिहिलं, 'आधीचे चरे नाहीत', आणि कपाळाला हात लावून पायरीवर बसले.

"उरलेल्या मी चढवते," बायको म्हणाली. तिला गाडी यांनीच शिकवली होती, दर वळणावर "आंधळी आहेस का?" म्हणत. तिने अंगठी आणि घड्याळ काढून यांच्या हातात दिलं, पाचही गाड्या वर नेल्या आणि पाचही खिडक्यांतून अलगद बाहेर आली. हे खाली चाकं बांधत राहिले.

शोरूमचा मॅनेजर गाड्या निरखू लागला, तसे हे आपणहून म्हणाले, "पांढरीवरचा चरा माझा आहे. भरून देतो." मॅनेजरने कागद पाहिला, चरा पाहिला, मग बक्कल पाहिलं, आणि त्याला हसू आवरेना.

"बाकीच्या तुम्हीच चढवल्यात?"

"नाही. हिने."

"मग दर आठवड्याला या," मॅनेजर म्हणाला. "पण गाड्या वहिनीच चढवतील, हे आधीच सांगून ठेवतो."

काम मिळाल्याचा आनंद त्यांना इतका झाला की अपमान झालाय हे अर्ध्या वाटेवर लक्षात आलं. मग घरापर्यंत ते धुमसत होते.

पुढच्या आठवड्यात यार्डात ते पट्ट्याऐवजी कमरेला नाडी बांधून खाली उभे होते. "घे, घे, अजून घे," असे हातवारे करत होते.

"बाजूला व्हा आधी!" वरून बायकोचा आवाज आला. "आंधळे आहात का?"

ते निमूटपणे बाजूला झाले. तेवढ्यात एक नवा कारकून कागद घेऊन आला आणि विचारू लागला, ट्रेलरचे मालक कोण, सही हवी होती. त्यांनी बोट वर केलं, पांढऱ्या गाडीच्या खिडकीकडे.