साडेचार बोटांचा हात

रिबकाबाई मूळची धुरपता. परभणीजवळच्या झरी गावाच्या पलीकडच्या एका खेड्यात तिचं माहेर, आणि त्याच खेड्यात दोन गल्ल्या ओलांडून सासर. तिचं लग्न ख्रिस्ती घरात झालं आणि पुढं छप्पन साली सगळं माहेर बौद्ध झालं. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेबांनी रिबका हे नाव दिलं, ते तिच्या आईला मरेपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. धाकटा भाऊ लिंबाजी तर सरळ अक्का म्हणायचा, त्यामुळं त्याला ती अडचणच नव्हती. बहीण एका देवाकडं, भाऊ बुद्धाकडं, पण सणाला एकमेकांच्या घरचा डबा चुकला नाही.

गावातले ख्रिस्ती लोक आपल्या चर्चला देऊळच म्हणत. दहा-बारा घरांची मंडळी, मातीच्या भिंतींचं लांबट देऊळ, आणि दारातल्या लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. हीच घंटा. लिंबाजी परभणीला रेल्वेत गँगमन होता, त्यानंच तो तुकडा साहेबाच्या हातापाया पडून मिळवला आणि बैलगाडीत घालून बहिणीसाठी आणला. विधवा झाल्यापासून देऊळ झाडायचं, सतरंज्या अंथरायच्या आणि रविवारी हा रूळ वाजवायचा, ही कामं रिबकाबाईकडं होती. ती वाजवायची तेही असं, की गल्लीतली कुत्री उठून चालू लागत.

तिच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धंच होतं. लहानपणी कडबा तोडताना कोयता लागला होता. लिंबाजीनं पगारातून घरावर पत्रे घालायचे ठरवले, तेव्हा या हाताला मान मिळाला. नवा धर्म घेतल्यापासून तो नारळ फोडत नसे, पण पहिला पत्रा नुसताच चढवायचा हेही त्याला बरं वाटेना. तो म्हणाला, "अक्का, तुझा हात लाव. तेवढं बास हाय." झेंड्याच्या खांबासाठी आणलेला निळा ऑईलपेंट उरला होता. तिनं तळवा रंगात बुडवला आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला दाबला. साडेचार बोटं उमटली. पोरं हसली, लिंबाजीही हसला, आणि पत्रा वर गेला.

तो पत्रा दोन पावसाळेसुद्धा टिकला नाही. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात माणसं माणसांच्या घरांवर चालून गेली. औरंगाबादच्या विद्यापीठाच्या पाटीवर कुणाचं नाव असावं, यासाठी या खेड्यातल्या एका गँगमनचं घर का जळावं, हे कुणी सांगू शकत असेल तर त्यानं सांगावं. लिंबाजीचं घर जळलं. माणसं वाचली, रानातून पळत देवळात आली आणि चार दिवस तिथंच राहिली. परत जाऊन बघतात तर भिंती काळ्या आणि वर आकाश. पत्रे कुणी नेले ते कुणालाच दिसलं नव्हतं. गावात कधी नाही ती सगळ्यांची दृष्टी गेली होती. लिंबाजी बायकापोरं घेऊन परभणीला गेला, मतदारयादीतलं नाव तेवढं गावात राहिलं.

पुढच्याच वर्षी देवळाचं जुनं छप्पर पावसात बसलं आणि त्याच हिवाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. वॉर्डात दत्तराव आणि व्यंकटराव असे दोघं उभे. व्यंकटराव काही संत नव्हता, पण दत्तरावाबद्दल दंगलीच्या वेळचं बरंच कानावर येत असे. दत्तराव स्वतः सांगायचा, "मी त्या रोजी गंगाखेडला कारखान्यावर होतो. पाहिजे तर विचारा." कारखान्यावर जाऊन विचारणार कोण? तो मंडळीचे पंच याकोबराव यांच्या ओसरीवर येऊन बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "तुमच्या देवाला उघड्यावर ठेवायचं मला पटत न्हाई. पत्रे माझ्याकडून."

याकोबराव माणूस वाईट नव्हता, पण पंच होता, आणि पंचाला आपल्या हातून काहीतरी उभं राहिलेलं दिसावं असं फार वाटतं. त्यानं मंडळी जमवली. इथं एक जुनी रीत होती. मंडळीनं काही ठरवायचं तर सगळ्यांनी डोळे मिटायचे, प्रार्थना करायची आणि ज्याचा होकार असेल त्यानं हात वर करायचा. माणसानं माणसाकडं बघून नव्हे तर देवाकडं बघून ठरवावं, म्हणून ही रीत. डोळे फक्त पंचाचे उघडे.

"छपराच्या बदल्यात आपण दत्तरावाच्या पाठीशी. हात वर करा," याकोबराव म्हणाला.

रिबकाबाईच्या डोळ्यांपुढं लिंबाजीच्या घराच्या जळलेल्या भिंती आल्या. पण दत्तरावाला तिथं कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि प्रभूचं घर तर खरोखरच उघडं पडलं होतं. त्यात आजूबाजूला पदर सळसळल्याचा आवाज झाला. सगळ्यांचे हात गेले, आता आपण एकटीनं देवाच्या कामात आडवं यायचं का? तिनं हात वर केला.

"सगळ्यांचा होकार. प्रभूची स्तुती असो," याकोबराव म्हणाला.

तेव्हापासून तिला नीट झोप लागेना. शब्द दत्तरावाला दिला असता तर तिनं तो कधीच ओढ्यात टाकला असता. पण तो प्रार्थनेत दिला होता, देवासमोर. तो मोडायचा तर देवाला तोंड कसं दाखवायचं, आणि पाळायचा तर लिंबाजीला कसं? शेजारच्या मालनबाईशी बोलावं असं चारदा मनात आलं, पण जिथं सगळ्यांचे हात वर गेले तिथं आपणच कच्च्या विश्वासाचे ठरू, म्हणून ती गप्प बसली.

मतदानाच्या आदल्या रविवारी नव्या छपराखाली पहिली उपासना झाली. पत्रे जुनेच होते, शनिवारी अंधार पडेपर्यंत गावातल्या माणसांनी ठोकून दिलेले, पण याकोबरावानं त्यांच्याकडं बघून छाती फुगवली. पाळकसाहेब महिन्यातून एकदाच परभणीहून येत, म्हणून प्रार्थनाही त्यानंच घेतली. सगळ्यांनी डोळे मिटले. जुन्या खिळ्याच्या भोकातून उन्हाचा कवडसा नेमका रिबकाबाईच्या पापणीवर पडला. तिनं मान जरा बाजूला घेतली आणि प्रार्थनेत कधी न उघडलेले डोळे उघडून वर पाहिलं.

वर तिचाच हात होता.

धुरानं काळवंडलेल्या पत्र्यावर निळा तळवा. साडेचार बोटं. आपण स्वप्नात आहोत असं तिला वाटलं. तिनं मांडीवरचा हात उलटा करून पाहिला, पुन्हा वर पाहिलं. लिंबाजीचं घर देवाच्या डोक्यावर आणून ठोकलंय, आणि आपण खाली बसून आभार मानतोय!

तेवढ्यात याकोबराव म्हणाला, "मतदानाचा दिवस जवळ आला. आपलं वचन प्रभूसमोर पुन्हा एकदा पक्कं करू. हात वर करा."

रिबकाबाईनं सवयीनं आजूबाजूला कान दिला आणि मग पहिल्यांदाच आजूबाजूला डोळेही फिरवले. मालनबाईचे दोन्ही हात पदरात. सुतारकाम करणारा शांतवन हात जोडून बसलेला. त्याची म्हातारी आई, मागच्या बाया, भिंतीकडचे पुरुष, कुणाचा म्हणून हात वर नव्हता. सगळे डोळे घट्ट मिटून, खाली माना घालून बसले होते. एकट्या याकोबरावाच्या लेकाचा हात काय तो वर होता.

"सगळ्यांचा होकार," याकोबराव म्हणाला. "प्रभूची स्तुती असो."

मग त्याला दिसलं की रिबकाबाईचे डोळे उघडे आहेत. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

"डोळे उघडा," रिबकाबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "समदे डोळे उघडा आन् वर बघा."

माणसं दचकली. प्रार्थना मध्येच मोडायची, असं या देवळात कधी घडलं नव्हतं. सगळ्यांनी वर पाहिलं.

याकोबराव सावरून म्हणाला, "काय बघायचं? कुठल्या तरी पक्षाची खूण हाय ती. पोरांनी रंगवली असंल."

रिबकाबाईनं आपला तळवा सगळ्यांपुढं धरला. "साडेचार बोटांचा पक्ष कोणता, याकोबराव?"

शांतवनाची आई रडायला लागली. याकोबराव पुटपुटला, "त्यानं भंगारातून घेतले असतील. त्याला तरी काय ठावं?"

"असतील. मग कुणाचे हायत म्हणून त्यानं पुसलं न्हाई, आन् तुमी बी पुसलं न्हाई. आन् हात मोजताना बी तुमी आमाला पुसलं न्हाई."

पत्रा लगेच उतरवा असं ती म्हणाली, पण लोक घाबरले. मतदान होऊ दे, दत्तरावाची माणसं गल्लीत फिरायलीत, मग बघू, असं म्हणत एकेक जण निघून गेला. बाहेर लिंबाखाली तिनं मालनबाईला गाठलं.

"मालन, खरं सांग. पहिल्या वेळी तुझा हात वर होता का?"

"न्हाई गं बाई. मन झालं न्हाई. पर मला वाटलं, मी एकलीच."

तिनं शांतवनाला विचारलं, त्याच्या आईला विचारलं. सगळ्यांचं तेच. म्हणजे ज्यांचं काही जळलं नव्हतं त्यांनी हात खाली ठेवला होता, आणि जिचं माहेर जळलं तिनं वर केला होता. रिबकाबाई रुळाच्या तुकड्याला धरून कितीतरी वेळ उभी राहिली. याकोबरावाचा राग केव्हाच ओसरला होता. आता जो राग होता तो सगळा तिचा स्वतःवरचा होता.

दत्तरावाला मत द्यायचं नाही, यात आता शंका उरली नव्हती. असलं वचन देव मोजून ठेवत असेल तर तो देव नव्हे, याकोबराव झाला, असं ती मालनबाईला चिडून म्हणाली. पण भावाच्या घरावर हात उचलून, त्याला न सांगता गुपचूप दुसरीकडं शिक्का मारून मोकळं व्हायचं, हेही तिला जमेना. देवळात प्रभूभोजनाची भाकर घेण्याआधी भावाशी मन मोकळं करावं, हे तिला आयुष्यभर शिकवलेलं होतं. मतपेटीपुढंही तसंच जावं, असं तिनं ठरवलं.

मतदानाच्या दिवशी लिंबाजी परभणीच्या एसटीतून उतरला. ती फाट्यावर उभीच होती. चालता चालता तिनं सगळं सांगितलं. पत्र्याचं ऐकून तो जागच्या जागी थांबला.

"माह्या घराचा? देवळावर?"

"हां."

"आन् हात वर करा म्हणले, तवा तुझा व्हता का वर, अक्का?"

मालनबाईसारखं 'न्हाई' म्हणणं किती सोपं होतं. डोळे तर सगळ्यांचेच मिटलेले होते.

"होता," ती म्हणाली. "माझा एकटीचा होता."

लिंबाजीनं तिच्याकडं पाहिलं नाही. तो शाळेकडं चालायला लागला आणि पुरुषांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. ती बायकांच्या रांगेत उभी राहिली. तिनं दोनदा मान वळवली, पण त्यानं एकदाही वळवली नाही. आत पोरसवदा मास्तरनं तिच्या डाव्या हाताच्या बोटाला शाई लावली. तिनं व्यंकटरावाच्या चिन्हावर शिक्का मारला, खूप जोरानं, कागद फाटेल इतक्या.

ती बाहेर आली तेव्हा पुरुषांची रांग संपली होती. लिंबाजी कुठंच नव्हता. दुपारची एसटी गाठायला गेला, असं तिला वाटलं. गेला, आता तो परत यायचा नाही. ती कशीबशी देवळाकडं वळली.

देवळाच्या दारात लिंबाखाली लिंबाजी उभा होता. कुणाची तरी शिडी आणून त्यानं भिंतीला लावली होती आणि खिशात पक्कड होती. शांतवन आपली हातोडी घेऊन शेजारी आला होता.

"कोणता हाय, दाखव," लिंबाजी म्हणाला.

रिबकाबाईनं हात वर करून दाखवला.