कडब्याचा आडोसा

आता माझ्या शहाणपणाचं काय वर्णन करू तुमच्यापुढं? चहा आधी पिऊन घ्या. नंतर घशाखाली उतरायचा नाही.

जळकोटला हायवेच्या वर आमचं उताराचं रान आहे. त्याचे प्लॉट पाडायचं ठरलं. जेसीबी लावला, बांधाची माती धरणारी दगडी ताल उखडली, सगळी माती मोकळी केली.

खाली लागूनच आत्याचं शेत. आत्याला गावातच दिलेली. तिचे मालक आता नाहीत, पण त्यांनी स्वतःच्या हातानं खणलेली विहीर आहे. आत्या रोज काठावर बसून काहीबाही बोलून येते. कुणाशी, ते आम्ही विचारत नाही.

ती एवढंच म्हणाली होती, "बापू, तुजं रान हाय, काय बी कर. माझ्या हिरीत तेवढी माती येऊ देऊ नगं."

"आत्या, मी हाय न्हवं!" मी छाती ठोकून सांगितलं.

परवानगीतही तीच अट होती. तालुक्याचे साहेब जागेवर येऊन बजावून गेले, "उताराला आडोसा लावा, म्हणजे माती वाहून जाणार नाही. घरं होईपर्यंत तो हलवायचा नाही." मी घरातला सगळा कडबा आणला, पेंढ्या एकमेकींना दाबून खुंट्या ठोकल्या. साहेब खूश. मी तर त्यांच्याहून खूश!

मग आली येळवस. वेळ अमावस्येला आपल्याकडं गावात माणूस सापडतो का? सगळे रानात. कडब्याचा कोप, म्हणजे खोपटी उभारायची, आत चुन्यानं रंगवलेले दगड पांडव म्हणून पुजायचे, पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि ताकातली आंबील खायची. आमच्या रानातली ही शेवटचीच येळवस. पुढच्या वर्षी तिथं कुणाची तरी मोरी असणार! म्हणून आत्यालाही बोलावलं.

पण कोपाला कडबा कुठला? माझी नजर गेली आडोशाकडं.

बायको म्हणाली, "अवं, सायबानं हलवू नगा म्हणलंय न्हवं?"

"पाच पेंढ्यांनी काय व्हतंय? आन् थंडीत कुठला आलाय पाऊस? सांजच्याला परत लावतो की!"

तेवढ्यात चुलतभाऊ आला. कोपाभोवती फिरून म्हणाला, "ह्यात पांडव बसत्याल, आपण कुठं बसायचं?"

झालं! आणल्या आणखी पेंढ्या. मग पाहुणे आले. मग मलाच चेव आला. शेवटची येळवस आहे, होऊ दे लई मोठा! आडोशाच्या नुसत्या खुंट्या उरल्या आणि कोप असा झाला, की आत बारसं उरकावं.

पूजा झाली. शेताभोवती आंबील शिंपडून झाली. पंगत बसली आणि नळदुर्गाच्या अंगानं आभाळ काळं झालं. अवकाळी! सगळे पळत कोपात शिरलो. बाहेर नुसता धो-धो, आत मात्र सगळं कोरडं.

मी मांडीवर थाप मारली. "बघा आत्या, कसा बांधलाय! एक थेंब तरी आत येतोय का?"

आत्या बाहेर बघत होती. मीही बघितलं. माझ्या रानातली माती रिकाम्या खुंट्यांमधून तिच्या विहिरीकडं चालली होती.

घास टाकून उठलो, पेंढ्या ओढायला लागलो. आत्यानं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे, बापू. आता काय उपेग? जेवणावनं उठू न्हाय."

ती माझ्या ताटात भज्जी वाढत राहिली. गिळवत नव्हती हो ती भज्जी!

सकाळी आत्यानं विहिरीत कळशी सोडली, तर पाण्याचा आवाजच आला नाही. कळशी गाळात रुतून बसली. आत्या काठावर टेकली. त्या दिवशी ती विहिरीशी काही बोलली नाही. मी बांधाआड जाऊन रडलो. एवढा मोठा बाप्या, पण लेकरासारखा रडलो.

आणि पुढं ऐका. पाऊस पडला म्हणून साहेब पाहणीला हजर!

"आडोसा कुठंय?"

मी कोपाकडं बोट दाखवलं. तो अजून तसाच उभा, ताठ.

साहेबांनी आधी कोप बघितला, मग विहीर बघितली. "अहो, ह्या आडोशानं अडवलं काय?"

आत्यानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"अडवला की, साहेब, पाऊस अडवला. माझ्या भाच्याला भिजू दिलं न्हाय."