रंगवलेला बोर्ड

दिराच्या जुन्या सर्फबोर्डांच्या दुकानात दुरुस्ती वहिनी करतात. पहिलाच बोर्ड घ्यायला आलेल्या मुलीपुढे दिराने एक नवा रंग मारलेला बोर्ड ठेवला. वहिनींनी तो पालथा केला. तळाला माशाच्या कल्ल्यांसारख्या फिन असतात; त्यातल्या बाजूच्या दोन्ही फिनची पुढची टोकं बोर्डाच्या नाकाकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे वळलेली हवीत. इथे ती बाहेर वळवून चिकटवली होती. असा बोर्ड लाटेवर अडखळतो. त्यांनी फिनच्या मुळाशी वास घेतला आणि तोंड फिरवलं.

“वहिनी, गिऱ्हाइकासमोर नाक कसलं मुरडता?”

“भावजी, मेलेला उंदीर रंगवून विकताय. शी!”

मुलगी निघून गेली. दुसरं गिऱ्हाईक फसू नये म्हणून वहिनींनी करवत घेऊन फिन कापली. बोर्डात मुरलेलं कुजकं, तपकिरी पाणी लादीवर ओघळलं, तसा दीरच नाक दाबून दाराबाहेर पळाला.