सरपणाच्या वाटेवर

आमच्या समोरच्या दारातल्या बाई बाहेर पडताना जिन्यातच सगळ्यांना सांगायच्या, "भाजी आणायला चाललेय हो, कोपऱ्यावरूनच येते." वॉचमनला सांगायच्या, इस्त्रीवाल्याला सांगायच्या. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत कोणी कोणाला एवढी माहिती पुरवत नाही. "आता बाईंची कोथिंबीर पेपरात छापून यायची तेवढी राहिलीय," असं मी घरात म्हणायचो.

मग कळलं, ही सवय कामातली. बाई काही वर्षं एका शांततेचं काम करणाऱ्या संस्थेतर्फे दक्षिण सुदानमध्ये होत्या. लढाई चालू असली तरी तिथल्या बायकांना सरपणाला रानात जावंच लागे, आणि रानात बंदूकवाले असत. बाई विनाहत्यार त्यांच्याबरोबर जात. आदल्या दिवशी दोन्ही बाजूंच्या चौक्यांवर सांगून येत, की उद्या बायका या वाटेने जाणार आहेत.

"अहो, पण तुम्ही नक्की करायचात काय?" मी विचारलं.

"चालायचे. परकं माणूस बघतंय म्हटल्यावर पुष्कळ जण जपून वागतात. सगळेच नाही."

त्या 'सगळेच नाही'ची हकीकत त्यांनी चहा गाळता गाळता सांगितली. एकदा दोघा बंदूकवाल्यांनी वाट अडवली. एका कोवळ्या पोरीकडे बोट दाखवून म्हणाले, हिला इथे ठेवा, बाकीच्या जा. बाईंना वाटलं, पळत सुटावं. पण असं झालं तर काय करायचं, हे बायकांनी गावात बसून आधीच ठरवलं होतं. मोळ्या टाकून त्या पोरीभोवती गोल करून बसल्या आणि बाईंनाही हाताला धरून बसवलं. एक म्हातारी तर त्यातल्या पोरसवद्या शिपायाला विचारायला लागली, "तू कोणाचा रे? आई कुठल्या गावची तुझी?" तो ओरडला, बंदूक रोखली. कोणी उठेना. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा ते दोघेच कंटाळून निघून गेले.

"म्हणजे तुम्ही वाचवलंत त्यांना!"

"काहीतरीच काय! मला त्यांनी वाचवलं. साखर बघा, पुरे आहे का."

त्या दिवसापासून बाई मला फार आवडायला लागल्या.

तिकडे अजून पुरतं शांत नाही. ती पोर आता मोठी झाली आहे आणि सरपणाला निघणाऱ्या बायकांच्या पुढे तीच असते. तिने बोलावलं म्हणून बाई दुखऱ्या गुडघ्यानिशी पुन्हा गेल्या.

परवा मोबाइलवर फोटो आला. उंच गवतातली पायवाट, बायकांच्या डोक्यावर मोळ्या. सगळ्यांत पुढे ती, पाठीशी बांधलेलं बाळ, आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन चालणाऱ्या आमच्या बाई. समोरच्या दाराला कुलूप आहे, पण मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही.