मुलाकातीचा शिक्का

"हात पुढे कर," बाई म्हणाल्या.

मी डावा हात पुढे केला.

"तो नाही. दुसरा."

पाचवीचा वर्ग. विरार पूर्वेची शाळा, आमच्या फुलपाड्याच्या चाळीपासून चालत दहा मिनिटांवर. माझ्या उजव्या मनगटावर निळा, गोल शिक्का होता. आदल्या दिवशी मावशी मला शाळा बुडवून आईच्या मुलाकातीला घेऊन गेली होती. आई तुरुंगात होती. भेटायला येणाऱ्याच्या हातावर दारातच शिक्का मारतात. परतताना बाहेरचा कोण आणि आतला कोण, ते शिपायाला त्यावरून कळतं.

"काल कुठे होतीस?"

"कळंबला, बाई. रिसॉर्टवर. तिकडे पाण्यात उतरायच्या आधी शिक्का मारतात."

खोटं मी मावशीबरोबर बसमध्येच तयार करून ठेवलं होतं. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या हातावर कधी ना कधी रिसॉर्टचा शिक्का असायचा.

बाईंनी चष्मा लावला. माझं मनगट उजेडाकडे धरून एकेक अक्षर वाचलं. "मु-ला-का-त." मग हसल्या. "रिसॉर्टवर मुलाकात असते होय गं?"

मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, हिची आई जेलमध्ये आहे."

बाईंनी माझा हात सोडला. वर्गाकडे वळल्या. "मुलांनो, आपापली दप्तरं बघून घ्या. कोणाचं काही गेलं असेल तर आत्ताच सांगा."

सगळ्या वर्गाची दप्तरं एकदम उघडली. चेनींचा आवाज. त्यानंतर मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही ऐकवलं, पण त्या आवाजासारखं काही लागलं नाही. आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा माझं दप्तर उघडून बघितलं. चुकून कोणाचं काही माझ्याकडे आलंय का म्हणून.

घरी येऊन भांड्यांच्या घासणीने मनगट घासलं. कातडी सोलली तरी घासलं. मावशी म्हणाली, "अगं, पानी लागून जाईल दोन दिवसांनी." मी म्हणाले, "मी परत येणार नाही. मला आई नाही."

तीन वर्षं मी गेले नाही. मावशी एकटी जायची. येऊन सांगायची, "तुझी आई इचारत होती." मी अभ्यासाचं पुस्तक वर धरायचे.

आईचा गुन्हा काय, तेही सांगते. चाळीत पाण्याचा टँकर आला होता. रेटारेटीत एक बाई पडली, डोकं आपटलं, गेली. धक्का कोणाचा लागला ते आजवर कोणाला ठाऊक नाही. चार बायका धरल्या. ज्यांना चांगला वकील मिळाला त्या सुटल्या. मिठागरात राबलेल्या घरातली माझी आई राहिली. सात वर्षं.

आता मी आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे. हे मी मिरवते. मिरवणारच. बीए केलं, मग समाजकार्याची पदवी घेतली, आणि एका संस्थेत कंत्राटावर लागले. काम असं की, ज्या मुलांचे आईबाप तुरुंगात आहेत त्यांना कोणाकडे ठेवायचं यासाठी नातेवाइकांच्या घरी भेट द्यायची आणि अहवाल लिहायचा. बालकल्याण समिती तो वाचून मुलाचा ताबा ठरवते. आईबरोबर मूल तुरुंगात राहू शकतं, पण सहा वर्षांचं होईपर्यंतच. मग त्याला बाहेर काढावं लागतं.

गेल्या वर्षी अशीच एक पोर आली, सहा पूर्ण होत आलेली. नाव कायद्याने लिहायचं नसतं. नवऱ्याच्या मृत्यूच्या केसमध्ये तिची आई आत. केस अजून चालूच. पोरीला मागणारे दोघे. एक तिचा काका, वसई पश्चिमेला दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि आईविरुद्ध फिर्याद देणाराही तोच. दुसरी आईची आई. कामणला, गोदामांच्या मागे पत्र्याची एक खोली. म्हातारी गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवायची.

काका मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला कळतं. पोरगी माझ्याकडे आली की त्या बाईचं तोंड तिला परत दिसणार नाही. नवीन सुरुवात." फ्लॅटमध्ये गुळगुळीत फरशी होती. पोरीसाठी टेबल आणून ठेवलं होतं.

आजी म्हणाली, "बस गं बाय. आधी पानी घे." पाण्याचा तांब्या पुढे करताना तिची बाही वर सरकली. मनगटावर निळा शिक्का.

"आत्ताच जाऊन आले," ती कौतुकाने म्हणाली. "पोरगी वीसपर्यंत आकडे बोलते आता. इथे आली ना, दर मुलाकातीला नेनार तिला. आईला इसरायला देनार नाय."

मी पाणी प्यायले नाही. तहान नाही म्हणाले. उन्हातून आले होते.

अहवालात लिहिलं: "आजीची तुरुंगात वारंवार ये-जा असून तिच्याकडील वातावरण बालिकेच्या सर्वांगीण विकासास अनुकूल नाही." खाली सही केली. सही मी मोठी करते.

आमच्या मोठ्या मॅडमनी मीटिंगमध्ये ते वाक्य वाचून दाखवलं. "बघा, फुलपाड्याच्या चाळीतून आलेली मुलगी. स्वतःच्या लोकांबद्दलसुद्धा किती तटस्थ लिहिते. शिका." माझ्या आईबद्दल त्यांना माहीत नव्हतं. मी कोणालाच सांगितलं नव्हतं. 'स्वतःच्या लोकांबद्दलसुद्धा.' मला आनंद झाला. हे लिहिताना हात अडतो, पण झाला.

पोर काकाकडे गेली. ताबा तात्पुरता, पुढची तारीख पडेपर्यंत.

त्या रविवारी घरी मी अहवाल आईला वाचून दाखवला. आईला लिहिता येत नाही, पण मी लिहिलेलं ऐकायला तिला आवडतं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मग ती पोर आईला भेटनार कधी?"

मी अहवालाची घडी घातली.

"तुझी मावशीपन अशीच ये-जा करायची," आई म्हणाली. "तू येईनाशी झालीस ना, तरी मी दर मुलाकातीला केस विंचरून बसायची. म्हटलं, आज आली तर आईचा अवतार बघून घाबरायला नको."

तिने सुपातला खडा बाजूला टाकला. इतक्या वर्षांत तो विषय तिने एकदाच काढला. राग नव्हता तिच्या बोलण्यात. राग असता तर बरं झालं असतं.

पाचवीच्या त्या बाई माझ्या पेनात येऊन बसल्या होत्या. चष्मा लावून.

दुसऱ्या दिवशी मी समितीला अर्ज लिहिला. माझा अहवाल चुकीचा आहे, पुन्हा भेट देऊन नवीन देते. प्रत मॅडमच्या टेबलावर ठेवली.

"स्वतःच्या सहीला खोटं म्हणताय तुम्ही?"

"हो."

"संस्थेचं नाव खराब होईल. तुमचं कंत्राट मार्चपर्यंत आहे, लक्षात आहे ना?"

"आहे."

"एवढं काय आहे त्या म्हातारीत?"

"मॅडम, माझी आई सात वर्षं तुरुंगात होती. माझ्या हातावर तोच शिक्का होता."

मॅडमचा हात टेबलावरच्या पर्सवर गेला. पर्स थोडी त्यांच्या बाजूला सरकली. त्यांना कळलंही नसेल. मला कळलं. सगळ्या वर्गाच्या चेनी एकदम वाजल्या.

या वेळी मी माझी पिशवी उघडून बघितली नाही. तिथेच उभी राहिले, आणि अर्ज मिळाल्याची सही मागितली. त्यांनी दिली.

यातून अजून काही सुटलेलं नाही. पोर काकाकडेच आहे. चार महिन्यांत तिला एकदाही आईकडे नेलेलं नाही. मागच्या मुलाकातीला मी आजीबरोबर गेले. दारात हात पुढे केला. उजवा. काचेपलीकडून पोरीच्या आईने फोनवर विचारलं, "पोरीला का नाय आनलं?" आजी माझ्याकडे बघेना. मी फोन घेतला आणि म्हणाले, "माझ्या सहीमुळे." तिने पलीकडचा फोन ठेवला. तिने माफ करावं अशी माझी अपेक्षा नाही. मीही स्वतःला केलेलं नाही.

आमच्या फॉर्ममध्ये घर पक्कं की कच्चं हा रकाना आहे. शौचालय आहे, उत्पन्न आहे. आईच्या मुलाकातीला मुलाला कोण नेणार, हा रकाना नाही. आता प्रत्येक फॉर्मवर तो मी पट्टीने आखते, सगळ्यांत वर. मॅडम म्हणतात, फॉर्मबाहेर लिहायचं नाही. मी लिहिणार. मार्चपर्यंत इथे, मार्चनंतर असेन तिथे. ज्यावर तो रकाना रिकामा असेल, त्या कागदावर माझी सही होणार नाही.

पुढच्या तारखेला समितीपुढे अहवालातलं ते वाक्य मी मोठ्याने वाचणार आहे. एकेक अक्षर. हे मी लिहिलं, हे सांगणार आहे. आणि का लिहिलं, तेही.